‘फ्राइड लिव्हर’ची धास्ती: घोडा जी५ या चालीचं आणि तिच्या उत्तरांचं गणित

ऑनलाइन बुद्धिबळ खेळू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा डाव कधी ना कधी येतो. काळे मोहरे घेऊन सगळं शहाण्यासारखं केलेलं असतं: दोन्ही घोडे बाहेर, मध्यात प्यादं, मारलेल्या प्याद्याची परत वसुली. आणि तरीही सातव्या चालीला आपला राजा पटाच्या मधोमध उघडा उभा असतो आणि चार बाजूंनी शह बसत असतात. नेमकं चुकलं कुठे हे कळत नाही, कारण चुकलेली चाल सगळ्यात साधी आणि स्वाभाविक दिसणारी असते.

या हल्ल्याला ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतात. त्याचं जुनं इटालियन नाव ‘फेगातेल्लो’, म्हणजे यकृताचा तुकडा. सोळाव्या-सतराव्या शतकातला इटालियन खेळाडू जुलिओ चेझारे पोलेरिओ याच्या नावाशी तो जोडला जातो. म्हणजे चारशे वर्षं माहीत असलेला हल्ला आजही रोज डाव जिंकून देतो. तो मोडून काढायची उत्तरंही जवळपास तितकीच जुनी आहेत. पण ती पाठ करण्याआधी त्यामागचा व्यवहार समजायला हवा.

चाली वाचायच्या कशा

पटाचे उभे स्तंभ डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी १ ते ८. पांढरा १ आणि २ वर, काळा ७ आणि ८ वर. ‘घोडा एफ३’ म्हणजे घोडा एफ३ या घरात गेला. ‘घोडा एफ७ मारतो’ म्हणजे घोड्याने एफ७ वर जे काही आहे ते मारलं. नुसतं घर लिहिलं, उदाहरणार्थ ‘ई४’, तर ती प्याद्याची चाल. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची चाल. पट मांडून, हाताने मोहरे हलवत वाचलंत तर उत्तम.

आपली स्थिती अशी येते: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६. इथे पांढरा खेळतो ४. घोडा जी५.

एफ७ या एका घराची एवढी चर्चा का

डाव सुरू होताना काळ्याच्या राजासमोरची प्यादी मोजा आणि प्रत्येकाला आधार कोणाचा ते बघा. डी७ ला वजीर, उंट, घोडा आणि राजा असे चौघे सांभाळतात. ई७ च्या पाठीशीही तसाच जमाव. एफ७ च्या पाठीशी मात्र फक्त राजा. वाड्याच्या मागच्या दाराला कुलूप नाही आणि पहारेकरी म्हणून खुद्द घरमालकच बसलाय, अशी ती अवस्था. घरमालक भांडायला दारात आला की तोच चोरांच्या तावडीत सापडतो.

सी४ वरचा उंट तिरक्या रेषेत एफ७ कडे बघतोच आहे. घोडा जी५ वर आला की हल्लेखोर दोन झाले, राखणदार एकच. शिवाय काळ्याचा एफ८ वरचा उंट अजून घरात असल्यामुळे लगेच कॅसलिंग करून, म्हणजे एकाच चालीत राजाला बाजूला नेऊन हत्तीला त्याच्या पलीकडे आणून, हत्तीला मदतीला आणता येत नाही.

चौथ्या चालीला काळ्याकडे काय काय आहे

फार थोडं. पहिली प्रतिक्रिया म्हणून बरेच जण ४... एच६ खेळून घोड्याला हाकलायला बघतात. त्यावर ५. घोडा एफ७ मारतो आणि एकाच वेळी डी८ वरच्या वजिराला आणि एच८ वरच्या हत्तीला धरतो. ४... वजीर ई७ ने एफ७ ला आधार मिळाल्यासारखा वाटतो, पण ५. उंट एफ७ मारून शह देतो. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर खातो. राजाला डी८ वर सरकावं लागतं. प्यादं गेलं आणि कॅसलिंगचा हक्कही गेला. ४... घोडा ई४ मारणंही चांगलं नाही: ५. उंट एफ७ मारतो, शह, राजा ई७, मग ६. डी४ ने मध्य उघडतो आणि काळ्याचा राजा आपल्याच मोहऱ्यांच्या वाटेत अडकतो.

मग खरे पर्याय दोनच उरतात. उंटाची तिरकी वाट अडवणारं ४... डी५, किंवा एफ७ सोडून देऊन उलट हल्ला करणारं ४... उंट सी५. दुसऱ्याकडे नंतर येऊ.

४... डी५ वर पांढऱ्याने प्याद्यानेच मारायचं: ५. ई४ चं प्यादं डी५ वर. उंटाने मारलं तर काळा घोडा एफ६ वरून उठून तो उंट मारतो, आणि त्या घोड्यामागे झाकलेली काळ्या वजिराची डी८ ते जी५ ही तिरकी रेषा उघडते. पांढऱ्याने प्याद्याने घोडा मारला की वजीर जी५ वरचा निराधार घोडा खाऊन मोकळा. ही झाकलेली रेषा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिच्यात आहे.

घोड्याने प्यादं परत घेतलं की काय होतं

आता ५... घोडा डी५ मारतो. प्यादी समसमान, घोडा मध्यात, वजिराची रेषा उघडी आणि जी५ वरच्या घोड्यावर हल्ला. यापेक्षा स्वाभाविक चाल दुसरी नसेल. आणि हीच ती चूक.

६. घोडा एफ७ मारतो! वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला असल्याने राजाला घोडा मारावाच लागतो. घोड्याच्या बदल्यात पांढऱ्याकडे तूर्त एकच जादा प्यादं आहे. पण ७. वजीर एफ३ ने शह बसतो आणि त्याच चालीत डी५ वरच्या घोड्यावर उंटाबरोबर दुसरा हल्लेखोर येतो.

राजा जी८ वर पळाला तर डाव तिथेच संपतो: ८. उंट डी५ मारून शह, वजीर उंट मारतो, ९. वजीर डी५ मारून शह, मध्ये ९... उंट ई६, आणि १०. वजीर ई६ मारून मात. राजा ई८ ला परतला तर उंटाने डी५ चा घोडा घेतला की पांढरा एक प्यादं वर, आणि एफ७ वर वजिराच्या शहाची टांगती तलवार कायम. म्हणून घोडा राखायचा तर ७... राजा ई६ हीच चाल.

८. घोडा सी३ नंतर डी५ च्या घोड्यावर उंट, वजीर आणि घोडा असे तिघे तुटून पडलेत. शिवाय तो जखडलेला आहे, म्हणजे हलला की मागच्या राजाला सी४ च्या उंटाचा शह लागतो. काळ्याकडे राखणदार वजीर आणि राजा. सी८ वरचा उंट मदतीला यावा तर ई६ वर राजाच उभा! त्यामुळे दुसऱ्या घोड्याला धावावं लागतं, बी४ वर किंवा ई७ वर.

८... घोडा बी४ मध्ये एक गळ आहे: सी२ मारून राजा आणि हत्ती दोघांना धरायचं. पांढऱ्याने घाबरू नये. ९. ए३! घोडा सी२ मारतो, शह, १०. राजा डी१, घोडा ए१ चा हत्ती खातो, ११. घोडा डी५ मारतो. काळ्याचा एक घोडा पटाच्या कोपऱ्यात बंद झाला, दुसरा गेला, आणि डी५ वरचा पांढरा घोडा जिथे उडी मारेल तिथे उंटाचा उघडा शह. ८... घोडा ई७ जास्त टिकाऊ आहे, पण ९. डी४ ने मध्य उघडला की काळ्याच्या राजाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

आजची इंजिनंही (बुद्धिबळ खेळणारे संगणक-प्रोग्राम) या सगळ्याचा कौल पांढऱ्याच्याच बाजूने देतात. ज्याला आकडेमोडीत उतरायचं नाही त्या पांढऱ्यासाठी ६. डी४ ही चालही आहे. अठराव्या शतकातल्या इटालियन विश्लेषक लोल्लीच्या नावाने ती ओळखली जाते. आधी मध्य उघडायचा आणि एफ७ चा बळी मागाहून द्यायचा, असा तिचा डौल.

मग बरोबर उत्तर कोणतं: घोडा ए५

५... घोडा ए५. सी६ चा घोडा काठावर जातो आणि सी४ च्या उंटावर हल्ला करतो. डी५ चं प्यादं परत घ्यायचं काळा नाव काढत नाही. ‘काठावरचा घोडा वाईट’ हे शिकलेल्या माणसाला ही चाल पटत नाही, म्हणून इथे थांबून बघू.

६. उंट बी५ शह, सी६ ७. डी५ चं प्यादं सी६ मारतं, बी७ च्या प्याद्याने ते परत मारायचं. घोड्याने नाही! घोड्याने घेतलं तर तो बी५ च्या उंटाकडून जखडला जातो आणि उंटावर कुणाचाच हल्ला नसतो. प्याद्याने घेतलं की उंटाला पुन्हा पळावं लागतं आणि बी स्तंभ हत्तीसाठी मोकळा होतो.

मुख्य वाट पुढे अशी जाते: ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६. आता पांढऱ्याच्या दहा चाली मोजा. तीन प्याद्याच्या, तीन एकाच उंटाच्या, चार एकाच घोड्याच्या. बाकीचे सगळे मोहरे पहाटेच्या झोपेत. काळा एक प्यादं मागे आहे, पण त्याचे मोहरे जागे आहेत, ई४ च्या प्याद्याने जागा बळकावली आहे आणि उंट राजाच्या बाजूकडे डोळा लावून बसलाय. पुढे ११. डी४, काळा ते एन पासां नियमाने मारतो, म्हणजे दोन घरं उडी मारलेलं प्यादं वाटेतच उचलतो, १२. घोडा डी३ मारतो, वजीर सी७. आता एच२ वर वजीर आणि उंट दोघांची नजर आहे.

हा सरळ उधारीचा व्यवहार आहे. काळ्याने भांडवल दिलं, म्हणजे प्यादं, आणि व्याजात वेळ घेतला. हे व्याज डाव चालू असतानाच वसूल करावं लागतं. काळ्याने अशा स्थितीत वजिरांची अदलाबदल केली, हल्ला सोडून सावकाश बचाव मांडला, की वेळ विरून जातो आणि प्याद्याचा तोटा तेवढा शिल्लक राहतो. ए७ आणि सी६ ही प्यादी एकटी पडलेली असतात, तीही शेवटच्या टप्प्यात डोकं वर काढतात. पांढऱ्याचं काम बरोबर उलटं: मोहरे बाहेर काढायचे, कॅसलिंग करायचं, गरज पडली तर प्यादं परत देऊन टाकायचं.

पांढऱ्याने एक मोह आवरावा. ८... एच६ नंतर ‘आता तरी एफ७ मारू’ असं वाटतं. उंट सी४ सोडून ई२ वर गेलाय. राजा घोडा खातो आणि पुढे काहीच नाही.

आठव्या चालीचे इतर रस्ते

अलीकडे ८. उंट डी३ बरंच दिसतं. आपल्याच डी प्याद्याची वाट अडवणारी ही चाल ओबडधोबड वाटते, पण तिने काळ्याचं ई४ थांबतं आणि जी५ च्या घोड्याला ई४ हे भक्कम घर मिळतं. म्हणून इथे सवयीने एच६ खेळू नका; ९. घोडा ई४ झाला की पांढरा सुखात. चांगलं उत्तर ८... घोडा डी५. झाकलेली रेषा उघडते, वजीर जी५ वर हल्ला करतो, ९. घोडा एफ३ उंट डी६ १०. कॅसलिंग घोडा एफ४, आणि काळ्याला हवा तो पुढाकार मिळतो. या एका उपप्रकारात माझा कल काळ्याकडे आहे, निदान माणसांच्या डावांत.

८. वजीर एफ३ म्हणजे हावरटपणाची हद्द, पण तपासून घ्यावा असा. सी६ च्या प्याद्याने उंट मारला तर ए८ चा हत्ती जातो. तो देऊनही खेळतात. साधं उत्तर मात्र ८... हत्ती बी८. पांढऱ्याने सी६ वर आणखी एक प्यादं खाल्लं तर काळ्याकडे दोन प्याद्यांच्या मोबदल्यात आणखी वेळ. सहाव्या चालीला शह न देता ६. डी३ खेळणारेही आहेत: एच६ ७. घोडा एफ३ ई४ ८. वजीर ई२ घोडा सी४ मारतो ९. डी३ चं प्यादं सी४ मारतं, उंट सी५. काळ्याला दोन उंट आणि मोकळा खेळ, पांढऱ्याला एक प्यादं.

बी५ आणि डी४: दोन जुळ्या वाटा

पाचव्या चालीला काळ्याकडे आणखी दोन धाडसी चाली आहेत. ५... बी५ ही अमेरिकन खेळाडू ओलाफ उल्वेस्ताद याच्या नावाची, आणि ५... घोडा डी४ ही जर्मन खेळाडू अलेक्झांडर फ्रिट्झ याच्या नावाची.

बी५ चं प्यादं उंटाने खाल्लं तर ६... वजीर डी५ मारतो आणि एकाच वेळी बी५ चा उंट आणि जी२ चं प्यादं पकडतो. उत्तर वेडगळ दिसतं पण तेच सर्वोत्तम: ६. उंट एफ१! उंट परत घरी. कारण एकच, तिथून जी२ राखलं जातं. फ्रिट्झमध्ये ६. सी३ बी५ ७. उंट एफ१ घोडा डी५ मारतो, आणि उल्वेस्तादमध्ये ६... घोडा डी४ ७. सी३ घोडा डी५ मारतो. दोन्ही वाटा एकाच स्थितीत मिळतात. पुढे ८. सी३ चं प्यादं डी४ मारतं, वजीर जी५ मारतो, ९. उंट बी५ मारून शह, राजा डी८. काळ्याचे मोहरे जोरात, राजा उघडा. पूर्ण अभ्यास असलेल्या पांढऱ्यापुढे मी हे काळ्याला सुचवणार नाही. पण उंट एफ१ माहीत नसलेला पांढरा इथे पटकन घसरतो.

‘तू माझं एफ७, तर मी तुझं एफ२’: ट्रॅक्सलर

४... उंट सी५. चेक खेळाडू कारेल ट्रॅक्सलर याचा १८९० सालचा डाव या चालीचा मूळपुरुष. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बार गावच्या खेळाडूंनी तिचं पुष्कळ विश्लेषण केलं, म्हणून तिला ते नावही आहे. तर्क सोपा: पांढऱ्याचं एफ२ हेही काळ्याच्या एफ७ इतकंच उघडं मागचं दार आहे.

५. घोडा एफ७ मारतो, दुहेरी हल्ला. आणि काळा हत्तीकडे ढुंकूनही न बघता ५... उंट एफ२ मारून शह देतो. ६. राजा उंट मारतो, घोडा ई४ मारून शह. आता ७. राजा जी१ हीच सुरक्षित वाट. ७... वजीर एच४ ८. जी३ घोडा जी३ मारतो ९. एच प्याद्याने घोडा मारायचा, वजीर जी३ मारून शह, आणि दोघांनी अचूक खेळलं तर बरोबरी. नवव्या चालीला ते सोडून एच८ चा हत्ती खाल्ला तर ९... घोडा डी४ आणि पांढरा राजा जिवानिशी जातो. राजा ई३ ला बाहेर काढायचं धाडस कागदावर चालतं, घड्याळ टिकटिकत असताना नाही.

पांढऱ्यासाठी सोपी वाट वेगळीच: ५. उंट एफ७ मारून शह, राजा ई७, ६. उंट बी३. एक प्यादं खिशात, काळ्याचं कॅसलिंग कायमचं गेलं. काळ्याकडे एफ स्तंभ आणि थोडी गडबड उरते, पण पांढऱ्याला वीस चाली पाठ ठेवाव्या लागत नाहीत.

‘एकच मोहरा दोनदा हलवू नये, मग घोडा जी५ बरोबर कशी?’

हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. जर्मन धुरंधर झीगबर्ट टाराश यांनी ही चाल अडाण्याची म्हणून झिडकारली होती. नियम खोटा नाही. पण नियम सांगतो की अशी चाल वेळ घालवते, आणि इथे त्या वेळेची किंमत रोख मिळते: एक प्यादं. किंमत पुरेशी आहे का यावरच वाद आहे. घोडा ए५ नंतरची स्थिती इंजिनं पांढऱ्याला किंचित बरी पण हाताळता येण्याजोगी मानतात. म्हणजे टाराश यांचा राग जास्तच होता, आणि हमखास विजय समजून घोडा जी५ खेळणाऱ्यांचा विश्वासही.

‘हे सगळं टाळता येत नाही का?’

येतं. तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी ३... उंट सी५ खेळा. आता घोडा जी५ आला तर एफ६ वर घोडा नाही, रेषा उघडी आहे, आणि डी८ चा वजीर तो घोडा सरळ खातो. ३... एच६ खेळून आधीच दार लावून घेण्याची सवय मात्र सोडावी, ४. डी४ झाल्यावर काळ्याने एक चाल फुकट घालवलेली दिसते. पांढऱ्यालाही हा रणसंग्राम नको असेल तर ४. डी३ ही शांत चाल आहे.

सराव करताना

काळ्याने आधी एकच रांग पक्की करावी: ५... घोडा ए५ पासून १०... उंट डी६ पर्यंत. मग दहाव्या चालीनंतरची स्थिती इंजिनासमोर मांडून दोन्ही बाजूंनी पाच-सहा डाव खेळावेत. प्यादं मागे असताना अस्वस्थ न होता खेळणं हे पाठांतराने येत नाही, हाताला सवय व्हावी लागते. पांढऱ्याने उलट ८. उंट ई२ नंतर नववी चाल ठरवून ठेवावी. घोडा एफ३ हा राजमार्ग, पण ९. घोडा एच३ अशीही एक जुनी वाट आहे. जगज्जेते विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी रशियन खेळाडू चिगोरिनविरुद्ध १८९०-९१ मध्ये टेलिग्राफने चाली कळवत खेळलेल्या सामन्यात ती खेळली आणि डाव गमावला. बॉबी फिशर यांनी १९६३ मध्ये अमेरिकन खेळाडू बिसगायरविरुद्ध तीच चाल खेळून डाव जिंकला. तिच्यावर ९... उंट सी५ १०. कॅसलिंग कॅसलिंग ११. डी३ झालं की काळ्यापुढे प्रश्न उभा राहतो: एच३ चा घोडा उंटाने मारून पांढऱ्याची प्यादी मोडायची, की उंट राखून तो घोडा काठावरच अडकून राहू द्यायचा. मारलं तर पांढऱ्याला दोन उंट आणि जी स्तंभ मिळतो, जो त्याच्याच राजावरून जातो. मी उंट राखीन. तो घोडा जी५ ला एका चालीत गेला होता; एच३ वरून पुन्हा कामाच्या घरात यायला त्याला दोन-तीन चाली लागतात, आणि ज्या वेळेसाठी काळ्याने प्यादं दिलं होतं तो वेळ म्हणजे हाच.